पेपर सर्व्हर + मुंबईतला भाड्याचा व्हीपीएस: सहा मित्रांसाठी १४ महिने चालवून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पाच-सात मित्रांसाठी माइनक्राफ्टचा (ब्लॉक रचून जग बांधायच्या गेमचा) कायम चालू राहणारा सर्व्हर हवा असेल तर पेपर हे सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर घ्या (फुकट आहे), मुंबईत डेटासेंटर असलेला ४ जीबीचा छोटा व्हीपीएस (म्हणजे कंपनीच्या मोठ्या, कायम चालू मशीनचा आपल्यापुरता हिस्सा) भाड्याने घ्या, आणि बॅकअपची स्क्रिप्ट पहिल्या दिवशीच लावा, दुसऱ्या दिवशी नाही. पेपरला माझे ५ पैकी ४.५. अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच.

आता नीट सांगतो. आम्ही सहा जण, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. कॉलेज संपलं आणि सगळे पांगले. मी फोंड्यात, एक जण म्हापशाला, एक पुण्यात, एक बंगळुरात, एक दोह्यात, आणि सहावा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे घरी येतात असं म्हणायचं, पण खरं तर एका चवथीला चौघं जमले तरी खूप झालं. ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो सोडून काही उरलं नव्हतं. तर पुणेकराने सुचवलं की बाबांनो, आपण हॉस्टेलवर रात्रभर माइनक्राफ्ट खेळायचो ना, तेच परत सुरू करूया, पण ह्या वेळी जग कायमचं ठेवूया.

हे "कायमचं" महत्त्वाचं आहे, सगळा रिव्ह्यू त्यावरच आहे. गेममध्येच ओपन टू लॅनचा पर्याय असतो, पण तो थेट चालतो एकाच नेटवर्कवरच्यांना, आणि त्यात एकाच्या कॉम्प्युटरवर जग असतं आणि तो झोपायला गेला की जग बंद. आम्ही आधी एकाच्याच कॉम्प्युटरवर जग ठेवून बघितलं आणि आठवड्यात कळलं की हे चालणार नाही, कारण तारवट्याला नेट मिळतं ते बंदरात, ते पण कधी पहाटे ३ ला तर कधी भर दुपारी, आणि त्या वेळी आमच्यापैकी कोणीच जागं किंवा मोकळं नसतं. त्याला कुणाला उठवावं न लागता आत यायला मिळालं पाहिजे, एवढीच अट होती.

पहिला प्रयत्न म्हणजे रेडीमेड गेम होस्टिंग. नाव देत नाही. महिन्याला अगदी स्वस्त, वेबसाइटवर पॅनेल, बटण दाबलं की सर्व्हर चालू. सेटअप खरंच दहा मिनिटांत झाला, ते मान्य. पण सर्व्हर होता युरोपात आणि मला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १६० ते १८० मिलिसेकंद यायचा. ज्यांना पिंगचा अर्थ प्रत्यक्ष बघायचाय त्यांच्यासाठी सांगतो: तुम्ही दगड फोडता, तो फुटल्यासारखा दिसतो, तुम्ही पुढे पाऊल टाकता आणि दगड परत जागेवर उगवतो, तुम्ही त्याला आपटून मागे फेकले जाता. क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) समोर आला की तुम्ही मागे सरलात असं तुम्हाला वाटतं पण सर्व्हरच्या हिशेबात तुम्ही अजून त्याच्या पुढ्यातच असता. वर संध्याकाळी त्यांच्या मशीनवर गर्दी झाली की कन्सोलमध्ये "कान्ट कीप अप, इज द सर्व्हर ओव्हरलोडेड" ह्या ओळी धाडधाड यायच्या. सपोर्टला लिहिलं तर उत्तर यायचं की रॅम वाढवा, मोठा प्लॅन घ्या. आम्ही एकदा वाढवली पण, शून्य फरक.

फरक का पडला नाही ते मला नंतर वाचून कळलं आणि हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा जगाचा हिशेब करतो, त्याला टिक म्हणतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. ह्यातलं बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक, एकाच रांगेत चालतं. त्यामुळे प्रोसेसरचा एक कोअर किती जोरात पळतो ह्यावर सगळा खेळ आहे. १६ कोअर असले आणि प्रत्येक कोअर सुस्त असला तर उपयोग नाही, आणि रॅम १२ जीबी दिली तरी टिक वेगात होत नाही. उलट जावाला (सर्व्हर ज्यावर चालतो त्याला) गरजेपेक्षा खूप मोठी मेमरी दिली तर मेमरीतला कचरा साफ करताना मोठा झटका बसू शकतो. म्हणून रॅमचे आकडे दाखवून विकणाऱ्यांना दोन गोष्टी विचारायच्या, सर्व्हर कुठल्या शहरात आहे आणि प्रोसेसर कुठला आहे. उत्तर देत नसतील तर सोडून द्यायचं.

दोन महिन्यांनी ते सोडलं आणि माझ्या घरचा जुना डेस्कटॉप बाहेर काढला. i५, ८ जीबी रॅम, एसएसडी नवीन टाकली. घरच्या नेटवर्कवर एकदम मक्खन चालायचं. पण बाहेरून कोणाला येता येईना. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (म्हणजे बाहेरून येणाऱ्याला त्या मशीनपर्यंत दार उघडून दिलं), जावा एडिशनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीचा पोर्ट २५५६५ टीसीपी, सगळं बरोबर, तरी येईना. तीन संध्याकाळी ह्यात गेल्या. शेवटी बंगळुरवाला म्हणाला की राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, कुठला दिसतो ते बघ. तो १०० ने सुरू होत होता, आणि वेबसाइटवर "माझा आयपी" बघितलं तर वेगळाच. म्हणजे सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते ह्याच कामासाठी राखून ठेवलेत, नेट देणारी कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देते, आणि मग तुम्ही आपल्या राउटरमध्ये कितीही दारं उघडा, बाहेरचं मोठं गेट तुमच्या हातात नसतं. स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा बाहेरचा पत्ता) मागितला तर आमच्या केबलवाल्याने आज देतो उद्या देतो करत महिना काढला. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग चालत नसेल तर हे आधी तपासा, माझ्या तीन संध्याकाळी तुमच्या तरी वाचतील.

तोवर टेलस्केल टाकलं. ह्याचं मी मनापासून कौतुक करतो, प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ते टाकायचं आणि सगळे जणू एकाच घरच्या वायफायवर आहेत असं होतं, सीजीनॅट असला तरी. ज्यांना एक पैसा खर्च न करता घरूनच चालवायचंय त्यांनी हेच करावं. आमची अडचण वेगळी झाली, बोटीवरच्या मित्राला कंपनीच्या नेटवर असलं काही चालत नव्हतं. आणि दुसरी अडचण फोंड्याचा पाऊस.

जुलै महिना, रात्रीचे साडेदहा. आम्ही चौघं आत होतो. सांगायचं राहिलं, आम्ही त्या जगात मंगेशीचा दीपस्तंभ बांधत होतो. सात मजल्यांचा, पांढराशुभ्र, तळीच्या बाजूला, आतून गोल जिना. म्हापसेकराची कल्पना. पांढऱ्या काँक्रीटसाठी चार वाळू, चार ग्रॅव्हल आणि एक पांढरा रंग असं घातलं की आठ पावडर मिळतात, मग त्या पाण्याला लावून घट्ट करायच्या, आणि एवढं सगळं करायला दोन वीकेंड नुसती वाळू खणली. स्तंभ पाचव्या मजल्यापर्यंत आला होता. बाहेर पाऊस ओतत होता, कुठेतरी फांदी तारेवर पडली असणार, वीज गेली. इन्व्हर्टर चालू झाला पण मधल्या त्या क्षणात डेस्कटॉप बंद पडून परत सुरू झाला. सर्व्हर उठला, मी आत गेलो.

स्तंभ अर्धा होता. म्हणजे वरून अर्धा नाही, उभा अर्धा. सुरीने केक कापावा तसा वरपासून खालपर्यंत सरळ कापलेला, आतला जिना उघडा पडलेला, भिंतींमधले कंदील तसेच लटकत असलेले. आणि जो भाग गेला तिथे गवत होतं, आणि त्या गवतावर एक ओकचं झाड उभं होतं. ते झाड पुणेकराने पहिल्याच दिवशी तोडलं होतं, आमच्या पहिल्या कुऱ्हाडीचं लाकूड त्याचंच. चॅटवर म्हापसेकराने कोंकणीतून टाइप केलं, "अर्दो खांबो खंय गेलो?" आणि मग दोन मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.

झालं काय होतं ते सांगतो. माइनक्राफ्टचं जग १६ बाय १६ च्या चंकमध्ये तुटलेलं असतं आणि असे ३२ बाय ३२ चंक एका रिजन फाइलमध्ये साठवतात, म्हणजे एका फाइलमध्ये ५१२ बाय ५१२ ब्लॉकची जमीन. फाइल लिहिता लिहिता वीज गेली, एक चंक खराब झाला, आणि सर्व्हरला तो वाचता आला नाही म्हणून त्याने जगाच्या सीडवरून (ज्या आकड्यावरून जग बनतं त्यावरून) तो नव्याने तयार केला, अगदी पहिल्या दिवशी होता तसा, झाडासकट. एफ३ आणि जी एकत्र दाबलं की चंकच्या सीमा दिसतात, बघितलं तर एक्स उणे ३०४ वर सीमा होती आणि आमच्या स्तंभाचा मध्य बरोब्बर त्याच रेषेवर. अकरा ब्लॉक रुंद स्तंभ, पाच एका चंकमध्ये आणि सहा दुसऱ्यात.

बॅकअप होता. देवाची कृपा म्हणा किंवा बंगळुरवाल्याची, त्यानेच आधीच्या आठवड्यात माझ्या मागे लागून स्क्रिप्ट लावून घेतली होती. पण बॅकअप संध्याकाळी ६ चा, आणि आख्खं जग ६ वर नेलं तर साडेचार तासांचं सगळ्यांचं काम जाणार. ते करायची गरज नसते, आणि हे खूप जणांना माहीत नसतं. सर्व्हर बंद करायचा, ज्या भागात नुकसान आहे त्याची तेवढीच रिजन फाइल बॅकअपमधून काढून ठेवायची. कुठली फाइल ते काढणं सोपं आहे, कोऑर्डिनेटला ५१२ ने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. आमचा एक्स उणे ३०४ म्हणजे उणे १, झेड ७४३ म्हणजे १, तर उणे १ आणि १ नावाची एमसीए फाइल. रिजन फोल्डरसोबत एंटिटीज आणि पीओआय फोल्डरमधल्या त्याच नावाच्या फाइल पण बदलायच्या, नाहीतर गावकरी (गेममधली आपोआप हिंडणारी माणसं) एकीकडे आणि त्यांच्या खाटा दुसरीकडे असा घोळ होतो. वीस मिनिटांत स्तंभ परत उभा राहिला, त्या रात्री लावलेले ब्लॉक सोडून. झाड गेलं.

दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या एका सेकंडहँड कॉम्प्युटरवाल्याकडून यूपीएस आणला (प्रामाणिक माणूस, बॅटरी जुनी आहे हे स्वतःच सांगितलं आणि नवीन घालून दिली), पण मनात ठरलं होतं की आता हे जग माझ्या घरच्या विजेवर ठेवायचं नाही. सहा जणांनी खपून बांधलेलं माझ्या एकट्याच्या प्लगवर लटकत ठेवणं बरोबर वाटेना.

मग व्हीपीएस. मुंबईत डेटासेंटर असलेला, दोन व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम, एसएसडी, महिना ९६० रुपये. सहा जणांत १६० प्रत्येकी. म्हापशाच्या बाजारात एका वेळच्या उसळ-पाव-चहाला दोघांचे एवढे होतातच. मला फोंड्यातून पिंग २५ ते ३० येतो, पुणेकराला त्याहून कमी, बंगळुराला तिशीच्या आसपास, दोहावाल्याला ६० च्या घरात. दगड फोडला की फुटतो. एवढंच हवं होतं. उबंटू टाकलं, जावा २१ टाकलं (गेमच्या १.२०.५ पासून १.२१ पर्यंतच्या आवृत्त्यांना २१ लागतं), वेगळा युजर बनवून त्याच्या नावाने सर्व्हर चालवला, रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने कधीच चालवू नका. मेमरी ३ जीबी, सुरुवातीची आणि कमाल दोन्ही सारखीच, बाकी १ जीबी सिस्टिमला. ऐकार नावाच्या डेव्हलपरचे म्हणून जे जावा फ्लॅग (सुरू करतानाच्या सूचना) सगळीकडे सांगतात तेच लावलेत, आम्हाला कधी तक्रार आली नाही.

आता पेपर. गेम बनवणाऱ्या मोजांगचा स्वतःचा सर्व्हर असतोच, एक जार फाइल, युला (वापराच्या अटी) मान्य केलं की चालू, त्यालाच व्हॅनिला म्हणतात. पेपर हा बुक्किट-स्पिगॉट ह्या जुन्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या घराण्यातला, तोच खेळ पण आतली यंत्रणा घासून पुसून वेगवान केलेली, आणि प्लगइन (वरून जोडायच्या छोट्या सोयी) घालता येतात. आम्ही आधी घरच्या मशीनवर पंधरा दिवस व्हॅनिला चालवला होता मग पेपर, तेव्हा तुलना करूनच बोलतोय. नवीन जमीन शोधत कोणी घोड्यावरून सुसाट निघाला की व्हॅनिलावर बाकीच्यांना हिसके बसायचे, पेपरवर जवळजवळ बंद झाले. चंक लोड करणं आणि तयार करणं पेपर मुख्य थ्रेडवरून काढून बाजूला करतो, मला वाटतं सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण खरी मजा सेटिंगमध्ये आहे, नुसतं पेपर टाकून थांबू नका. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज नावाच्या फाइलमध्ये व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं जग दिसायचं, मुळात १० असतो. ऐकायला लहान वाटतं पण हिशेब करा, प्रत्येक खेळाडूभोवती सगळ्या दिशांना १० चंक म्हणजे २१ बाय २१, म्हणजे ४४१ चंक. सहा जण सहा दिशांना गेले तर अडीच हजाराच्या वर. तो ७ केला की १५ बाय १५, २२५ चंक, जवळजवळ अर्धा भार गेला. सिम्युलेशन डिस्टन्स वेगळा असतो, तेवढ्याच भागात प्राणी हलतात, पिकं वाढतात, तो आम्ही ५ ठेवलाय. डोळ्यांना फरक जाणवतो का? उंच डोंगरावर उभं राहिलं तर हो, लांबचं धुक्यात जातं. दीपस्तंभाच्या टोकावरून आमचं आख्खं गाव दिसावं म्हणून म्हापसेकराने १० चा हट्ट धरला होता, शेवटी ८ वर तोडगा निघाला आणि ८ ला पण मशीन आरामात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जग आधीच तयार करून ठेवणं. सर्व्हरला सगळ्यात जड काम हे नवीन जमीन बनवण्याचं असतं, आणि १.१८ पासून जग उणे ६४ पासून ३२० पर्यंत उंच झालंय म्हणून आणखी जड. चंकी नावाचं प्लगइन आहे, त्याला ३००० ब्लॉकची त्रिज्या सांगितली, म्हणजे ६००० बाय ६००० चा चौकोन, साधारण १ लाख ४० हजार चंक. रात्री लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. सोबत तेवढीच वर्ल्ड बॉर्डर घातली. सहा जणांना एवढी जागा वर्षभर पुरली, अजून नैऋत्येकडे कोणी गेलंच नाही.

आणि तरीही मार्चमध्ये एकदा सर्व्हर रडायला लागला. स्लॅश टीपीएस (सेकंदाला किती टिक होतात ते सांगणारी कमांड) मारलं तर २० च्या जागी १४-१५. सगळ्यांना वाटलं व्हीपीएस खराब झाला, बदलूया. पेपरच्या नव्या आवृत्तीत स्पार्क नावाचा प्रोफाइलर (कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारा) आतच येतो, तो पाच मिनिटं चालवला आणि त्याने एक लिंक दिली, त्यात टिकचा वेळ कुठे जातो ते थेट टक्केवारीत दिसतं. निम्म्याहून जास्त वेळ गावकऱ्यांवर. दोहावाल्याने आमच्या कोणाच्या नकळत जमिनीखाली ७० गावकऱ्यांचा बाजार उभा केला होता, प्रत्येक जण सतत आपली खाट आणि कामाचं टेबल शोधत रस्ता काढत होता, आणि पोहोचता येत नव्हतं म्हणून परत परत शोधत होता. त्याला समजावलं, त्याने २४ ठेवले, आणि हॉपरच्या (सामान पुढे सरकवणाऱ्या ब्लॉकच्या) लांबलचक रांगा होत्या त्या कमी केल्या. टीपीएस परत २०. हे स्पार्क नसतं तर आम्ही नवीन मशीन घेऊन त्याच्यावर तेच ७० गावकरी नेऊन ठेवले असते.

म्हापसेकराकडे कॉम्प्युटर नाही, तो फोनवर खेळतो, आणि फोनवरची बेडरॉक एडिशन जावा सर्व्हरला थेट जोडता येत नाही. ह्यासाठी गीझर आणि फ्लडगेट ही दोन प्लगइन. गीझर दोन्हींमधला दुभाषी आणि फ्लडगेटमुळे त्याला जावाचं वेगळं खातं विकत घ्यावं लागलं नाही. बेडरॉकचा पोर्ट १९१३२ आणि तो यूडीपी, टीसीपी नव्हे, फायरवॉलमध्ये हे चुकलं की तासभर डोकं आपटाल. त्याच्या नावापुढे एक टिंब लागतं, तेवढीच खूण. अर्थात तो जावाच्या नियमांनी खेळतो, तलवार मारल्यावर थांबायचं वगैरे, त्याला सवय व्हायला आठवडा गेला. पण स्तंभाचे वरचे दोन मजले त्याने पणजी-म्हापसा कदंबा बसमध्ये बसून फोनवर बांधलेत, हे माझ्यासाठी गीझरचं पुरेसं कौतुक आहे.

सुरक्षेबद्दल लवकर सांगतो. व्हाइटलिस्ट (ठरवलेल्या नावांनाच आत घेणारी यादी) चालू करा, आधी ती आणि मग पोर्ट उघडा. पत्ता कोणाला दिला नाही म्हणजे कोणाला कळणार नाही असं नसतं, इंटरनेटवर सर्व्हर शोधत फिरणारे बॉट असतात, आमच्या लॉगमध्ये चौथ्याच दिवशी अनोळखी नावं दार ठोठावताना दिसली. ऑनलाइन मोड (खातं खरं आहे का ते तपासणारं सेटिंग) बंद करू नका. कोणाकडे विकत घेतलेला गेम नाही म्हणून लोक बंद करतात, पण मग कोणीही तुमच्या अॅडमिनचं नाव घालून आत येऊ शकतो आणि व्हाइटलिस्टला पण अर्थ राहत नाही. आरकॉनचा (लांबून सर्व्हरला कमांड देण्याच्या सोयीचा) पोर्ट २५५७५ बाहेर कधीच उघडायचा नाही. कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन टाका, कुठला ब्लॉक कोणी कधी फोडला ते कळतं आणि मागे नेता येतं. मित्रांमध्ये ते पोलिसगिरीसाठी नाही, पण पुणेकराचा लहान मामेभाऊ एकदा त्याच्या खात्यावरून आत येऊन शेतं तुडवून गेला तेव्हा दोन मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि कोणाच्या मनात कोणाबद्दल काही राहिलं नाही.

बॅकअप आता दर सहा तासांनी. स्क्रिप्ट आधी सेव्ह ऑफ करते (आपोआप लिहिणं थांबवते), मग सेव्ह ऑल फ्लश (राहिलेलं सगळं लिहून टाकते), मग फोल्डर कॉम्प्रेस, मग सेव्ह ऑन. हा क्रम पाळा, चालू सर्व्हरचं फोल्डर नुसतं कॉपी केलं तर अर्धवट लिहिलेल्या फाइल येऊ शकतात आणि ते तुम्हाला गरजेच्या दिवशीच कळतं. शेवटचे १४ ठेवतो आणि रात्री एक प्रत माझ्या घरच्या त्या जुन्या डेस्कटॉपवर उतरते. दर महिन्याला एक बॅकअप उघडून खरंच चालतो का ते बघतो.

गेमरूलवर, म्हणजे खेळाच्या बदलता येणाऱ्या नियमांवर, आमच्यात बरीच चर्चा झाली. मेल्यावर सामान राहावं का? तिघं हो, तिघं नाही. दोहावाला म्हणाला, सामान जायची भीती नसेल तर खाली खाणीत उतरण्यात काय राम आहे. शेवटी सामान जातं असंच ठेवलं, आणि मेलेल्याला मदत करायला सगळ्यांनी धावायचं हा नियम आपसांत केला, त्यामुळे चांगल्या चांगल्या रात्री झाल्यात. झोपेचा नियम मात्र बदला, प्लेअर्स स्लीपिंग पर्सेंटेज मुळात १०० असतो म्हणजे सगळे झोपल्याशिवाय रात्र सरत नाही, आम्ही १ केलाय, एक जण झोपला तरी उजाडतं. ज्यांच्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे अशा ग्रुपला हे लागतंच.

आता अर्धा स्टार का कापला. पेपर काही गोष्टी मुद्दाम बदलतो. टीएनटीचे डुप्लिकेट बनवणारी यंत्रं, वाळू डुप्लिकेट करणारी यंत्रं, व्हॅनिलात चालणारी, इथे बंद. काही एका वेगळ्या सेटिंग फाइलमध्ये परत चालू करता येतात, काही नाही. व्हिडिओ बघून आठवडाभर फार्म बांधायचा आणि मग तो चालत नाही असं बंगळुरवाल्याचं दोनदा झालं आणि तो खरोखर नाराज होता. रेडस्टोनवाले (गेममध्ये यंत्रं बनवणारे) असाल तर हे आधी वाचून घ्या, कदाचित तुम्हाला व्हॅनिलाच्या जवळ राहणारं फॅब्रिक बरं पडेल. दुसरं म्हणजे गेमची नवीन आवृत्ती आली की पेपर यायला वेळ लागतो, मग गीझर, मग बाकी प्लगइन, आणि तोवर फोनवाल्याचा गेम आपोआप अपडेट होऊन बसलेला असतो आणि त्याला आत येता येत नाही. आमच्याकडे एकदा हे नऊ दिवस चाललं. आणि अपडेट केलं की जग जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही, म्हणून बॅकअप घेतल्याशिवाय करायचंच नाही. तिसरं, आम्ही चालवलेला पेपर नेदर आणि एंड (गेममधली दुसरी दोन जगं) वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, व्हॅनिलात परत जायचं तर ते हाताने हलवावे लागतात.

ज्यांना ह्यातलं काहीच करायचं नाही, टर्मिनल बघून घाबरायला होतं, त्यांनी सरळ रिअल्म्स, म्हणजे मोजांगची स्वतःची भाड्याची सर्व्हर सेवा घ्यावी. मालक सोडून दहा जण एका वेळी येऊ शकतात, बॅकअप आपोआप, प्लगइन मात्र नाहीत. त्यात वाईट काही नाही. आमच्या ग्रुपला फोनवरची बेडरॉक आणि कॉम्प्युटरवरची जावा एकाच जगात हवी होती म्हणून आमचा रस्ता हा. आणि फोलिया नावाचं जे बहु-थ्रेडवालं आहे त्याच्या मागे सहा जणांसाठी लागू नका, ते शेकडो खेळाडूंच्या सर्व्हरसाठी आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी लॉग बघताना दिसलं की पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी तारवटी आत आला होता. रॉटरडॅमला बोट लागली होती, पिंग दोनशेच्या वर, एकटाच, ४० मिनिटं होता. त्याने स्तंभ पूर्ण झालेला पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी आम्ही आत गेलो तर सातही मजल्यांवर प्रत्येक कोनाड्यात कंदील लावलेले होते, आणि जिन्याच्या खाली एक पाटी: "चवथीक येतां. म्हजो वांटो १६० दिलो मरे?"